चार मात्रांची जागा

१

सकाळचा चहा झाला, थोरल्या बहिणीच्या गोळ्या देऊन झाल्या, की नऊच्या ठोक्याला बाई आपल्या टेबलापाशी बसत. टेबलावर टोक काढलेली शिसपेन्सिल, खोडरबर आणि रेघांची वही, एवढेच असे. शाळेतून निवृत्त होऊन नऊ वर्षे झाली होती, तरी सगळे त्यांना बाईच म्हणत. वाणी, डॉक्टर, टपालवाला, सगळे. पाठ्यपुस्तकांच्या कार्यालयातून कवितांचे पाकीट येई आणि शिक्षकांच्या हस्तपुस्तिकेसाठी बाई प्रत्येक कवितेचे टिपण करीत. आधी रचना, मग वृत्त, शेवटी भाव. हा क्रम कोणी मोडलेला त्यांना खपत नसे. भाव कळला म्हणून वृत्त कळले असे मानणारी माणसे त्यांनी आयुष्यभर लाल शाईने दुरुस्त केली होती.

घर वरच्या मजल्यावरचे. लाकडी जिना चढून आले की हातभर रुंदीची बोळकांडी, तिच्या एका बाजूला ताईंची खोली, दुसऱ्या बाजूला बाईंची. दोन्ही दारांना पडदे. पडदे धुऊन आटलेले, म्हणून खाली वीतभर जागा उघडी राही. ताईंचे गुडघे गेल्यापासून त्या आठ महिन्यांत जिना उतरल्या नव्हत्या. त्यापूर्वी चढताना त्या एका पायरीवर आधी एक पाय ठेवीत, मग दुसरा त्याच पायरीवर आणीत, आणि दम खात.

"काय गं छोटे, आज कुणाच्या कवितेची हाडं मोजतेस?" पडद्याआडून ताईंचा आवाज आला. अडुसष्ट वर्षांच्या बाईंना छोटी म्हणणारे जगात हे एकच माणूस उरले होते.

"कवीचं नाव नाही, ताई."

"बरं झालं. निदान तो तरी वाचला तुझ्या तावडीतून."

कविता टंकलिखित होती, एकाच कागदावर. बाईंनी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने टेबलावर ठेका धरला आणि सवयीप्रमाणे मोठ्याने वाचली.

*कोण उभे त्या दारापाशी*
*पाय न वाजे, श्वास न लागे*
*एक पायरी चढून आले*
*आणि थांबले तेथे*

आखूड अक्षराची एक मात्रा, लांब अक्षराच्या दोन. पहिल्या तीन ओळी सोळा-सोळा मात्रांच्या, आठाआठांत नीट वाटलेल्या, सरळ पादाकुलक. चौथी मात्र बाराच मात्रांची. दुसऱ्या कडव्यात दोन पायऱ्या, तिसऱ्यात तीन, बाकी शब्द तेच. आणि दर वेळी शेवटी चार मात्रांची जागा रिकामी. बाईंचा ठेका तेथे हवेत लोंबकळला. शाई संपावी तशी ओळ संपत होती.

शाळेत यावर त्यांचा ठरलेला उपाय असे. मुलीची ओळ तोकडी पडली की त्या म्हणत, "तूर्त घरातलं माणूस बसव तिथं." आई, ताई, दादा, काका, मामा, प्रत्येकाच्या चार मात्रा. जागेचे माप कळले की मग योग्य शब्द शोधायचा. शब्द मागून, वजन आधी. त्यांनी तीन कडव्यांखाली पेन्सिलीने तोच भरीचा शब्द लिहिला आणि ओळ म्हणून पाहिली. *आणि थांबले तेथे ताई.* चोख बसली.

"माझं नाव कशाला गोवतेस त्यात?" पलीकडून ताई म्हणाल्या.

"जागा भरायला."

"जन्मभर तेच केलं बाई मी या घरात. जुळल्या का मग मात्रा?"

"जुळल्या, ताई."

बाईंच्या प्रत्येक उत्तराच्या शेवटी हा शब्द येई. पासष्ट वर्षांची सवय होती ती. वहीत त्यांनी लिहिले: कडवी तीन. वृत्त पादाकुलक, चौथे चरण न्यून. भाव शांत, कोणी येते, थांबते, घाबरत कोणी नाही.

२

दुसऱ्या दिवशी कडवी चार होती.

बाईंनी वही उघडली. स्वतःच्या अक्षरात, ठसठशीत, "कडवी तीन". त्यांनी कागदावर पुन्हा बोट फिरवले. एक पायरी, दोन पायऱ्या, तीन, चार. चौथ्या कडव्याची शाई इतरांइतकीच जुनी होती. मोजताना आपण चुकलो, असे मानणे त्यांना अवघड गेले. पण कागदाने चूक केली असे मानणे त्याहून अवघड होते. त्यांनी "तीन" खोडून "चार" केले आणि कानशिले तापल्यासारखी झाली. नापास झालेल्या मुलीला असेच वाटत असेल, असे त्यांच्या मनात आले.

ठेका धरून त्यांनी पहिल्यापासून वाचायला घेतले. चौथ्या कडव्याखाली भरीचा शब्द अजून लिहिलेला नव्हता, म्हणून "तेथे" म्हणून त्या थांबल्या. पेन्सिल टेबलावर दोनदा पडली. एका लांब अक्षराला एक, दुसऱ्याला एक.

खाली जिन्यावर दोनदा वाजले.

पेन्सिलीबरोबर नव्हे, पेन्सिलीनंतर. आधी एक पाय पडला. मग दुसरा, त्याच पायरीवर आणून ठेवलेला. लाकूड किंचित कण्हले आणि गप्प झाले.

"ताई?" बाई ओरडल्या. "उठलीस का तू?"

"पडल्या पडल्या उठून कुठं जाऊ?" ताई आपल्या पलंगावरूनच म्हणाल्या. "जिन्यावर कुणीतरी आहे बघ. माझ्यासारखंच चढतंय, बिचारं. गुडघे गेले असणार."

बाई बोळकांडीत आल्या. सकाळचे ऊन खालच्या दाराच्या फटीतून पहिल्या दोन पायऱ्यांवर पडले होते. दाराला आतून कडी होती. जिन्यावर कोणी नव्हते. लाकूड उन्हाने तापते, ताणते, आवाज करते; हे शास्त्र बाईंना ठाऊक होते, आणि त्यांनी ते स्वतःला दोनदा समजावून सांगितले. ऊन चौथ्या पायरीपर्यंत पोचतच नव्हते, एवढे मात्र त्यांनी स्वतःला सांगितले नाही.

"कोण होतं गं?"

"कुणी नाही, ताई."

"मग उगाच कशाला धापा टाकतेस?"

३

तिसऱ्या दिवशी कडवी सहा झाली. या वेळी बाईंनी वहीतला आकडा बदलला नाही.

आदल्या दिवसाचा त्यांनी शिस्तीत हिशेब मांडला. कविता त्यांनी एकदाच म्हटली होती, मग दोन कडवी का वाढावीत? उत्तर पडद्यापलीकडून आपोआप आले. ताई उशीला टेकून, पंख्याच्या लयीत, अगदी मजेत गुणगुणत होत्या: "तीन पायरी... छे, तीन पायऱ्या चढून आले, आणि थांबले तेथे ताई..."

बाई इतक्या झटकन उठल्या की खुर्ची मागे पडली.

"ताई, ते म्हणू नकोस."

"का? जन्मात पहिल्यांदा तुझी एक कविता माझ्या डोक्यात राहिली, तर तीही म्हणू नको? माझं नाव आहे शेवटी, म्हणून आवडली मला."

"चुकीचं आहे ते. भरीचा शब्द आहे तो."

"असू दे चुकीचं. आपल्याला कुठं परीक्षेला बसायचंय?" ताई हसल्या, मग बहिणीचा चेहरा पाहून त्यांचे हसू विरले. "बरं, नाही म्हणत. पण ती जिभेवर बसलीय गं, छोटे. काल दुपारी झोपेतून जागी झाले ती तीच म्हणत. कधी म्हणायला लागले ते कळलंसुद्धा नाही."

टेबलाशी परत येऊन बाईंनी खोडरबर घेतले आणि प्रत्येक कडव्याखालचा तो शब्द पुसून काढला. पुसलेली जागा तपासायला कागद खिडकीपाशी तिरपा धरला. त्यांच्या अक्षराचे वळण कागदात रुतलेले दिसत होते. त्याची त्यांना अपेक्षा होती. अपेक्षा नव्हती ती त्याखालच्या दुसऱ्या वळणाची. आधीच कोणीतरी त्याच जागी, त्याच मापाचा एक शब्द लिहून पुसला होता. अक्षर मोठे, पुरुषी, शिक्षकाचे. *दादा.*

त्यांनी कार्यालयात फोन लावला. संपादिका तरुण होती, बाईंची जुनी विद्यार्थिनी. अजून फोनवरसुद्धा उभी राहून बोलते की काय असे वाटे.

"बाई, ती कविता आधी एका सरांकडे दिली होती. टिपण अर्धवट ठेवून त्यांनी परत पाठवली."

"का?"

"त्यांच्या घरी जरा... त्यांचे मोठे भाऊ गेले, बाई, अचानक. दोघंच राहायचे. सर आता फोनही उचलत नाहीत. का हो, बाई? वृत्ताची काही अडचण आहे का?"

"चौथे चरण न्यून आहे," बाई म्हणाल्या. आपला आवाज त्यांना परका वाटला.

"मग तुम्हीच भरून टाका ना! तुमच्याइतकं चोख कोण भरणार?"

४

कागद जाळावा, असा विचार बाईंच्या मनात आला. पण कागद आता कामाचा उरलाच नव्हता. कविता ताईंच्या जिभेवर होती. परत पाठवावा, तर संपादिका तो आणखी कोणाकडे पाठवील. तेथेही टेबल असेल, पेन्सिल असेल, शेजारच्या खोलीत कोणीतरी चार मात्रांचे माणूस असेल. त्यांनी कागद वहीत घातला आणि वहीवर कोशाचा खंड ठेवला.

दोन दिवस त्यांनी ताईंना गप्पांत गुंतवून ठेवले. शाळेतल्या गमती सांगितल्या, वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचून दाखवले.

"आज फार माया आलीय," ताई म्हणाल्या. "मरायला टेकले की काय मी? डॉक्टर काही म्हणाले का?"

"भलतंच काय बोलतेस, ताई!"

पण माणूस दुपारी झोपते. झोपेच्या काठावर ताईंचे ओठ हलत, आणि बाई पलंगाशी पोचेपर्यंत ओळ संपलेली असे. मग खाली, उन्हाच्या त्या निवांत वेळी, दोनदा वाजे. कवितेत पाय वाजत नव्हते. वाजत होते ते कवितेने सोडलेल्या जागेत. बाई दर वेळी जिन्याच्या तोंडाशी जाऊन पाहत. तेथे रिकाम्या पायऱ्या असत. आणि त्यांतली एक, दर वेळी वरची, नुकतेच कोणी उभे राहिल्यासारखी किंचित दबलेली.

शुक्रवारी त्यांनी कोश बाजूला केला आणि कागद उघडला. कडवी नऊ.

तेव्हा त्यांच्या बुद्धीने शेवटचा आधार शोधला, आणि तो इतका पक्का होता की त्यांना हसू आले. *दहा पायऱ्या* हे शब्द ओळीत बसतात. *अकरा* बसत नाही. एक मात्रा जास्त होते, ओळ मोडते. एवढ्या काटेकोर वृत्तात अकरावे कडवे येणे शक्यच नाही. आणि जिना अकरा पायऱ्यांचा होता. लहानपणापासून दोघी बहिणी मोजत चढल्या होत्या. अकरावीला उडी मारायची, असा खेळ होता. जे काय आहे ते दहावीवर येईल आणि तेथेच अडेल. एका पायरीने का होईना, ते बाहेर राहील.

ताईंच्या गोळ्या घेऊन त्या आत गेल्या तेव्हा त्यांचा चेहरा निवळला होता.

"ताई, आठवतं? अकरावीला उडी मारायचो आपण."

"न आठवायला काय झालं? तू दोनदा तोंडावर आपटलीस." ताईंनी गोळी गिळली, पाणी प्यायल्या. "आता मारायची म्हटली तर दहावीलाच मारावी लागेल."

"म्हणजे?"

"अगं, रस्ता उंच केला ना मागं? डांबरावर डांबर. खालची पायरी गेली की जमिनीत. दार कापून छोटं केलं, ते विसरलीस? तू तेव्हा शाळेच्या तपासण्यांत. कारागिराशी भांडले ती मी." त्यांनी पेला परत दिला. "मोजून बघ हवं तर. दहाच उरल्यात."

५

शनिवारी दुपारी बाई टेबलापाशी बसल्या होत्या. समोर कागद, कडवी नऊ. हातात पेन्सिल नव्हे, पेन. दोन्ही पडदे सरळ लोंबत होते. त्यांच्या पडद्याखालच्या वीतभर फटीतून बोळकांडीची फरशी दिसे, आणि पलीकडे ताईंच्या पडद्याची खालची किनार.

रात्रभर त्यांनी एकच विचार केला होता. बसलेली ओळ कोणाच्या जिभेवरून काढता येत नाही, हे त्यांना चाळीस वर्षांच्या शिकवण्यातून ठाऊक होते. मुली चुकीचे पाठांतर घेऊन येत, आणि ते पुसता येत नसे. त्यावर एकच इलाज चाले: चुकीच्या शब्दाच्या जागी, त्याच वजनाचा दुसरा शब्द बसवायचा आणि मोठ्याने म्हणवून घ्यायचा. रिकामी जागा राहिली, तर जुना शब्द परत येतो.

त्यांनी पेनाने, नऊही ठिकाणी, नवा शब्द लिहिला. चार मात्रा. मग त्या ताईंना हाक मारणार, तोच पलीकडून झोपेने जड झालेला आवाज आला.

"दहा पायऱ्या चढून आले... आणि थांबले तेथे ताई..."

दोनदा वाजले. या वेळी लाकूड वाजले नाही, फरशी वाजली.

बाईंनी मान वर केली नाही. त्यांनी फक्त नजर वर केली, आणि तीही पडद्याच्या किनारीपर्यंतच. फटीत दोन पाय होते. शेजारी शेजारी, एकाला एक लावून ठेवलेले, दम खात असल्यासारखे. टाचा बाईंकडे होत्या. बोटे ताईंच्या पडद्याला टेकली होती, आणि पडद्याची किनार आत ढकलली जात होती. वाऱ्याने जाते तशी नव्हे, हळूहळू, एकाच बाजूने.

बाईंना ओरडायचे होते. ओरडायला त्यांच्याजवळ एकच शब्द होता, आणि तोच आता तोंडातून काढता येत नव्हता.

त्यांनी टेबलावर पेनाने टकटक केली. वर्गातला गोंगाट थांबवायला करीत तशी.

"जागी आहेस का?" त्यांनी विचारले. आवाज सरळ आला. चाळीस वर्षे त्यांनी तो सरळ ठेवला होता.

"आहे, आहे. काय गं?"

"ती शेवटची ओळ पुन्हा म्हण. शब्द चुकला होता. दुरुस्त केलाय मी."

"आत्ता गं? एवढे दिवस म्हणू नको, म्हणू नको, आणि आता..."

"म्हण. शेवटी 'बाई' असं म्हणायचं."

पडद्याची किनार आणखी बोटभर आत गेली.

"म्हणजे स्वतःचंच नाव घातलंस होय?" ताई खुदखुदल्या. "माझं काढून! लहानपणी माझी बाहुली अशीच घेतलीस. बरं, ऐक." त्यांनी घसा साफ केला. सुरांशी त्यांचे कधी जमले नव्हते; पण वजन त्यांना उपजत होते, हे बाईंना त्या क्षणी प्रथमच जाणवले. "आणि थांबले तेथे बाई!"

पडदा सैल पडून सरळ झाला.

वळताना कोणी दिसले नाही. बाईंच्या पापणीने एकदा उघडझाप केली, एवढेच. आता टाचा ताईंच्या दाराकडे होत्या, आणि बोटे इकडे. दोन्ही पायांची बोटे सारख्या लांबीची होती. पलीकडची फरशी त्यांच्याखाली दिसत होती. पाय फरशीला लागले नव्हते.

बाईंनी वही पुढे ओढली. "भाव" या शब्दापुढे त्यांनी पहिल्या दिवशी "शांत" लिहिले होते. त्यावर त्यांनी एक आडवी रेघ मारली. कवितेत घाबरणारे कोणीच नव्हते, हे टिपण बरोबर होते. घाबरण्याची जागा वाचणाऱ्यासाठी सोडली होती.

"काय गं छोटे?" पलीकडून ताईंनी समाधानाने विचारले, कूस वळल्यावर पलंग कुरकुरला. "जुळल्या का मग मात्रा?"

उत्तर ओठांवर तयार होते. पासष्ट वर्षांचे, दोन शब्दांचे. बाईंनी पहिला शब्द उच्चारला आणि दुसरा दातांखाली धरला. जिभेला रक्ताची चव आली.

"जुळल्या," त्या म्हणाल्या.

आणि पुढची जागा त्यांनी रिकामी सोडली.

त्या जागेत, बाईंच्या पडद्याच्या अलीकडे, दोनदा वाजले.